लीडर कोण, हेड कोण आणि गेटची किल्ली कोणाकडे?

आपल्या कॅम्पसवर सध्या सगळ्यात स्वस्त काय मिळतं? कटिंग चहा? चूक. 'हेड' हे पद! गॅदरिंग असो, टेक्निकल फेस्ट असो की हॉस्टेलचा गणपती असो, पोस्टरच्या तळाशी बघा. इव्हेंट हेड, पब्लिसिटी हेड, डेकोरेशन हेड, हॉस्पिटॅलिटी हेड, त्यांचे को-हेड, त्यांच्यावर कोऑर्डिनेटर आणि त्यांच्याही वर कोअर कमिटी. डोकी इतकी, की रावणानेही लाजावं. मांडवातल्या खुर्च्या उचलायची वेळ आली की मात्र हात मोजून चार!

फायनल इयरला पोचेपर्यंत प्रत्येकाच्या बायोडेटात 'लीडरशिप'च्या खाली दोन-तीन ओळी जमा झालेल्या असतात. पुढे इंटरव्ह्यूत एच.आर.वाले हमखास विचारतात, "लीडर आणि मॅनेजर यांत फरक काय?" आपलं उत्तर ओरलच्या उत्तरासारखं पाठ असतं. लीडर दिशा दाखवतो, मॅनेजर काम करून घेतो. विचारणारा खूश, सांगणारा खूश. पण मग बॉस, चीफ, कॅप्टन, प्रेसिडेंट, स्पीकर, सेक्रेटरी, गव्हर्नर, रेक्टर, वॉर्डन या बाकीच्या मंडळींनी काय पाप केलंय? त्यांच्यातला फरक कुणीच विचारत नाही. सगळ्यांचं मराठी एकच, 'साहेब'!

माझं म्हणणं असं आहे, की हे सगळे शब्द एकाच अर्थाचे समजून वापरल्यामुळे आपलं रोजच्या जगण्यात नुकसान होतं. प्रत्येक शब्द एका ठरावीक प्रकारच्या अधिकारासाठी घडला. त्या प्रत्येकाला तीन प्रश्न विचारून बघावेत. खुर्ची कुणी दिली? खुर्चीवर बसून नेमकं काय करायचं? आणि काम बिघडलं तर जाब कुणी विचारायचा? ज्या शब्दाकडे या तिन्हींची उत्तरं आहेत, तो पदाचं नाव म्हणून चालेल. ज्याच्याकडे नाहीत, तो निरोप समारंभाच्या भाषणात वापरावा, नोटीस बोर्डावर लावू नये.

डोकं आणि हात

सुरुवात 'हेड'पासूनच करू. लॅटिनमध्ये 'कापुत' म्हणजे डोकं. त्यातून 'कॅप्टन' आला, फ्रेंचच्या वाटेने 'चीफ' आला आणि हॉटेलातला 'शेफ'ही त्याच घरातला. म्हणजे देशाचे चीफ जस्टिस आणि पंचतारांकित हॉटेलचा शेफ शब्दांच्या नात्याने चुलतभाऊ! आपले 'मुख्य' आणि 'प्रमुख' हे शब्दही असेच मुखावरून आले.

पण मूळ एक म्हणून अर्थ एक राहत नाही. एन.सी.सी.वाल्यांना हे चांगलं ठाऊक असेल. आर्मीतला कॅप्टन म्हणजे खांद्यावर तीन तारे असलेला तरुण अधिकारी. नेव्हीतला कॅप्टन म्हणजे आर्मीच्या कर्नलच्या बरोबरीचा. आणि जहाज कितीही लहान असो, ते ज्याच्या ताब्यात आहे त्याला सगळे कॅप्टनच म्हणतात, मग त्याची खरी रँक काहीही असो. क्रिकेटमध्ये पुढची ओव्हर कुणी टाकायची हे कॅप्टन ठरवतो, तर इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये मैदानात कोणते अकरा उतरणार हे मॅनेजर ठरवतो. म्हणजे नुसता शब्द ऐकून काही कळत नाही, तो कुठे वापरलाय हेही बघावं लागतं.

'मॅनेजर' मात्र हातातून आला. इटालियन भाषेत 'मानो' म्हणजे हात आणि 'मानेज्जारे' म्हणजे हाताळणं, विशेषतः घोड्याला शिकवून काबूत ठेवणं. १९७७ साली अब्राहम झालेझनिक या हार्वर्डच्या प्राध्यापकांनी मॅनेजर आणि लीडर ही माणसं मुळातच वेगळी असतात का, असा प्रश्न विचारणारा लेख हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत लिहिला. लेख गंभीर होता. पण सेमिनारमधून सेमिनारमध्ये फिरत फिरत त्याचं पोस्टर झालं. लीडर म्हणजे वाघ आणि मॅनेजर म्हणजे कारकून, एवढंच आपल्यापर्यंत पोचलं.

इंजिनिअरिंगच्या पोरांनी तरी हे मान्य करू नये. ई. श्रीधरन १९९० साली कोकण रेल्वे कॉर्पोरेशनचे अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक झाले आणि १९९८ साली सह्याद्रीच्या कुशीतून रोहा ते मंगळूर गाडी धावली. पुढे दिल्ली मेट्रोत १९९७ पासून २०११ अखेरपर्यंत त्यांचं पद होतं मॅनेजिंग डायरेक्टर. म्हणजे ज्याच्या पदाच्या नावातच 'मॅनेज' आहे, त्या माणसाने बोगदे पाडले, पूल बांधले, गाड्या चालवल्या. आपल्या फेस्टमध्ये जो मुलगा रात्री एक वाजता जनरेटरच्या डिझेलचा हिशेब लावत बसतो, तो मॅनेजर असतो. त्याचं नाव पोस्टरवर सगळ्यात खाली आणि सगळ्यात बारीक अक्षरात. हा अन्याय आहे.

बॉसला नेमणूकपत्र नसतं

'बॉस' हा शब्द डच 'बास'वरून अमेरिकेत आला. तिथे एकोणिसाव्या शतकात मजुरी करणाऱ्या गोऱ्या कामगारांना आपल्या मालकाला 'मास्टर' म्हणायचं नव्हतं, कारण तो शब्द गुलामांच्या तोंडी होता. त्यांनी डचांचा शब्द उचलला. काम तेच, हुकूम तेच, पण हाक मारताना मान थोडी ताठ.

पुढे हाच शब्द राजकारणात गेला. न्यूयॉर्कच्या विल्यम ट्वीडला लोक 'बॉस ट्वीड' म्हणत. नगरपालिकेतली कंत्राटं, नेमणुका, बिलं सगळं त्याच्या इशाऱ्यावर चाले. १८७१ साली तो पकडला गेला आणि १८७८ साली तुरुंगात वारला. गंमत अशी, की 'बॉस' असं पद कुठल्याच कागदावर नव्हतं. बॉस म्हणजे ज्याची सत्ता खरी आहे पण लेखी नाही असा माणूस. आपल्या विंगमध्ये टी.व्ही. रूमचा रिमोट कुणाच्या हातात असतो ते बघा, म्हणजे बॉस शब्दाची व्याख्या वेगळी पाठ करावी लागणार नाही!

लीडर: सुंदर पण धोक्याचा

आता ज्याच्यामागे आपण सगळे लागलोय तो शब्द. 'लीड' या जुन्या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ चालवणं, वाट दाखवत घेऊन जाणं. आपला 'नेता' आणि 'नायक' हे दोन्ही शब्द संस्कृत 'नी' धातूपासून आले, त्याचाही अर्थ नेणं. इथे इंग्रजी आणि मराठी अगदी जुळतात. एक जण पुढे, बाकीचे मागे.

चित्र छान आहे. पण आपले तीन प्रश्न विचारा. पुढे चालणाऱ्याला कुणी निवडलं? शब्द गप्प. कुठवर न्यायचं? गप्प. वाट चुकली तर त्याला थांबवायचं कुणी? पुन्हा गप्प. लीडर या शब्दात मागे येणारे असतात, पण हिशेब मागणारं कुणी नसतं.

म्हणूनच विसाव्या शतकात ज्यांना हिशेब द्यायचा नव्हता त्यांनी नेमका हाच शब्द निवडला. मुसोलिनीने स्वतःला 'दूचे' म्हणवून घेतलं. तो लॅटिन 'दुक्स'वरून आला, अर्थ नेता. जर्मनीत 'फ्यूरर', अर्थ तोच. २ ऑगस्ट १९३४ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग वारले, तेव्हा हिटलर आधीच चॅन्सेलर होता. त्याने राष्ट्राध्यक्षपदाचे अधिकारही आपल्याकडे घेतले, पण नाव मात्र 'फ्यूरर आणि चॅन्सेलर' असं लावलं. राष्ट्राध्यक्ष म्हटलं की राज्यघटना आली, मुदत आली, निवडणूक आली. फ्यूरर म्हटलं की यातलं काहीच नाही. आपल्यापैकी जे जर्मन शिकतात त्यांना माहीत असेल, की ड्रायव्हिंग लायसन्सला आजही 'फ्यूररशाइन' म्हणतात आणि रेल्वेच्या ड्रायव्हरला 'लोकफ्यूरर'. पण ऑफिसातल्या वरिष्ठाला कुणी नुसतं फ्यूरर म्हणत नाही. त्याला म्हणतात 'शेफ'!

त्याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं? तेव्हा काँग्रेसच्या अध्यक्षांनाच 'राष्ट्रपती' म्हणत. डिसेंबर १९३६ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला अधिवेशन झालं, त्याचे अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. ती त्यांची लागोपाठ दुसरी खेप. नोव्हेंबर १९३७ मध्ये कलकत्त्याच्या 'मॉडर्न रिव्ह्यू' मासिकात 'राष्ट्रपती' याच नावाचा एक लेख आला. लेखक 'चाणक्य'. लेखाचा सूर असा, की जवाहरलालना लोक डोक्यावर घेताहेत, या माणसात हुकूमशहा व्हायचे सगळे गुण आहेत, त्याला तिसऱ्यांदा अध्यक्ष करू नका. मोठी खळबळ उडाली. नंतर कळलं, की चाणक्य म्हणजे खुद्द नेहरूच! नेहरूंबद्दल कुणाचं काही मत असो. पण आपल्यामागे चालणाऱ्यांनीच आपल्याला अडवायला शिकावं, असं वाटणारा पुढारी विरळाच. लीडर शब्दात जो लगाम नाही, तो त्यांनी स्वतः हातात आणून दिला होता.

लहान शब्द, लेखी लगाम

काही शब्द मुद्दाम लहान निवडलेले असतात. १७८९ साली अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन निवडून आले आणि त्यांना हाक कशी मारायची यावर संसदेत वाद झाला. सिनेटच्या समितीने 'हिज हायनेस'पासून सुरू होणारी लांबलचक पदवी सुचवली, जवळजवळ राजासारखी. उपाध्यक्ष जॉन ॲडम्स यांची तक्रार होती की प्रेसिडेंट काय, अग्निशमन मंडळाला असतो आणि क्रिकेट क्लबलाही असतो. बरोबरच होतं त्यांचं. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ पुढे बसणारा, सभा चालवणारा, एवढाच. पण प्रतिनिधीगृहाने हट्ट धरला आणि साधं 'प्रेसिडेंट' कायम झालं. शब्द लहान ठेवला, की त्यावर बसणाऱ्याने आपण नेमलेले आहोत हे विसरू नये.

'मिनिस्टर'चंही तसंच. लॅटिनमध्ये मिनिस्टर म्हणजे सेवक, कमी दर्जाचा. 'मास्टर' ज्या शब्दावरून आला तो 'मागिस्टर' म्हणजे वरचढ. दोन्ही शब्द एकमेकांच्या बरोबर उलटे! लाल दिव्याच्या गाड्या २०१७ साली बंद झाल्या खऱ्या, पण मिनिस्टरमधला सेवक आपल्याला अजून दिसायचाय.

माझा सगळ्यात आवडता शब्द मात्र 'स्पीकर'. लोकसभेच्या स्पीकरला आपण मराठीत अध्यक्ष म्हणतो, त्यामुळे मूळ अर्थ झाकला जातो. स्पीकर म्हणजे बोलणारा. कुणाशी? राजाशी. इंग्लंडच्या कॉमन्स सभेच्या वतीने राजापुढे जाऊन बोलणं हे त्याचं काम, आणि कित्येक राजांना ते बोलणं आवडायचं नाही. ४ जानेवारी १६४२ रोजी राजा पहिला चार्ल्स शिपाई घेऊन सभागृहात शिरला आणि पाच सदस्य कुठे आहेत असं विचारू लागला. स्पीकर विल्यम लेंथॉल गुडघ्यावर बसले आणि नम्रपणे म्हणाले, की या जागी मला स्वतःचे डोळेही नाहीत आणि जीभही नाही, हे सभागृह सांगेल तेवढंच मी पाहतो आणि बोलतो. राजा हात हलवत परत गेला. पदाचा अर्थ पक्का माहीत असला की साध्या माणसालाही केवढं बळ येतं बघा.

आता आपला सी.आर. घ्या. क्लास रिप्रेझेंटेटिव्ह म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी. जो हजर नाही त्याच्या जागी उभा राहणारा. सगळ्या वर्गाला टेस्ट पुढे ढकलून हवी आहे आणि सी.आर.चा अभ्यास मात्र झालेला आहे. त्याने सरांना जाऊन काय सांगावं? लेंथॉलच्या हिशेबाने वर्गाचं म्हणणं, जसंच्या तसं. पण दुसरीही बाजू आहे. १७७४ साली एडमंड बर्क यांनी ब्रिस्टलच्या मतदारांना स्पष्ट सांगितलं, की मी तुमचा निरोप्या नाही, मी माझी बुद्धी वापरून तुमचं हित बघणार. पुढे ब्रिस्टलकर नाराज झाले आणि १७८० साली बर्कना तिथून माघार घ्यावी लागली. मग सी.आर. निरोप्या की वकील? मला वाटतं, सरांसमोर त्याने वर्गाचं म्हणणं आधी पूर्ण मांडावं, मग वाटलं तर "माझं स्वतःचं मत वेगळं आहे" असं उघड सांगावं. गुपचूप स्वतःचंच मत वर्गाचं म्हणून खपवणं तेवढं चालणार नाही.

इथे महाराष्ट्राचा एक मुद्दा सांगायलाच हवा. १९९४च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदेवर वर्गातल्या हुशार विद्यार्थ्याला गुणवत्तेवर नेमायची पद्धत आणली. निवडणुकांमधली गुंडगिरी बघता त्यामागचं कारण समजण्यासारखं होतं. २०१६च्या कायद्याने पुन्हा निवडणुकीची तरतूद केली. पण मधल्या काळात आपण एक गोष्ट विसरलो. वर्गात पहिला येतो त्याला टॉपर म्हणतात. प्रतिनिधी व्हायला, ज्यांचं प्रतिनिधित्व करायचं त्यांनी त्याला निवडलेलं असावं लागतं. टॉपर चांगला प्रतिनिधी असूही शकतो, पण मार्कलिस्ट बघून ते ठरत नाही.

सेक्रेटरीला कमी लेखू नका

सेक्रेटरी म्हणजे मुळात गुपितं सांभाळणारा, लिखापढी करणारा. आपल्याकडे जी.एस.ला भाव असतो, पण मेस सेक्रेटरी व्हायला कुणी तयार नसतं. कंटाळवाणं काम! रशियातही लोकांना असंच वाटलं होतं. एप्रिल १९२२ मध्ये कम्युनिस्ट पक्षात जनरल सेक्रेटरी हे पद स्टालिनला मिळालं, तेव्हा बाकीचे पुढारी भाषणं आणि सिद्धांत यांत दंग होते. बैठकीत कोणते विषय घ्यायचे, कुठल्या गावात कुणाला नेमायचं, कुणाची फाईल कुठे, ही कारकुनी त्यांनी आनंदाने त्याच्यावर सोडली. वर्षही झालं नव्हतं तोच लेनिननी आजारपणात लिहून ठेवलं, की याच्या हातात अफाट सत्ता जमा झाली आहे, याला या पदावरून हलवा. कुणी हलवलं नाही. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

घाबरू नका, आपल्या मेस सेक्रेटरीपासून जगाला धोका नाही. पण धडा खरा आहे. ज्याच्याकडे वही असते त्याच्याकडे सत्ता असते. रूम अलॉटमेंटची यादी, मेसचं रिबेट, फेस्टच्या स्पॉन्सरशिपचा हिशेब हे ज्याच्या हातात, तोच खरा सत्ताधारी, मग पोस्टरवर हेड म्हणून कुणाचाही फोटो असो. म्हणून त्याची वही उघडी हवी. मेसच्या दारावर मेनू लागतो, तसा महिन्याचा हिशेबही लागावा.

आता आपल्या सिलॅबसमधला शब्द

मेकॅनिकलवाल्यांनो, 'गव्हर्नर' हा शब्द तर तुमच्या घरचाच! १७८८ साली जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला. १८६८ साली मॅक्सवेलने त्यावर गणित मांडलं आणि कंट्रोल सिस्टीमचा पाया घातला. मूळ शब्द ग्रीक, अर्थ नावेचं सुकाणू धरणारा. त्याच ग्रीक शब्दावरून नॉर्बर्ट वीनरने १९४८ साली 'सायबरनेटिक्स' हे नाव बनवलं. म्हणजे राजभवनातले राज्यपाल, थिअरी ऑफ मशीन्समधला पोर्टर गव्हर्नर आणि कॉम्प्युटरवाल्यांचं 'सायबर' हे तिघे एकाच नावेतले.

गव्हर्नर काय करतो? तो इंजिन चालवत नाही. शक्ती निर्माण करत नाही. लोड वाढला, वेग कमी झाला की गोळे खाली येतात, वाफेची झडप जास्त उघडते. लोड उतरला की गोळे वर, झडप कमी. बस्स. आणि व्हायव्हाचा पुढचा प्रश्न, गव्हर्नर जास्त संवेदनशील झाला तर? तर हंटिंग सुरू होतं! वेग सारखा वर-खाली होतो, इंजिनाला चैन पडत नाही.

मला वाटतं, रेक्टर सरांसाठी याहून चांगला नमुना नाही. सबमिशनचा आठवडा आला, लोड वाढला, तर रीडिंग रूम रात्रभर उघडी ठेवा. सुट्टी लागली, लोड उतरला, तर झडप आवळा. पण एका तक्रारीवर सोमवारी नवा नियम आणि दुसऱ्या तक्रारीवर गुरुवारी तो रद्द, हे झालं हंटिंग. आणि काहीही झालं तरी गोळे जागचे हलतच नाहीत, तर तो गव्हर्नर गंजलाय.

कॉम्प्युटरवाल्यांकडेही एक उदाहरण आहे. २०१४ साली स्टॅनफर्डच्या ओंगारो आणि ऑस्टरहाउट यांनी 'राफ्ट' नावाची पद्धत मांडली. अनेक सर्व्हरनी मिळून एक काम करायचं असेल तर ते बहुमताने एक लीडर निवडतात. लीडरने ठरावीक वेळाने "मी आहे" असा ठोका सगळ्यांना पाठवायचा. ठोका थांबला, की बाकीचे ठरलेला वेळ वाट बघतात आणि नवी निवडणूक घेतात. जुना लीडर शुद्धीवर येऊन बघतो, की नवा कार्यकाळ सुरू झालाय, आणि मुकाट्याने अनुयायी होतो. इथे 'लीडर' शब्दाला तिन्ही उत्तरं मिळाली! कुणी निवडलं, काय करायचं, आणि गायब झाला तर काय. मशीनला जे लिहून द्यावं लागतं ते माणसांना आपण लिहून देत नाही, एवढंच.

नावात काय ठेवलंय?

कुणी म्हणेल, नावात काय ठेवलंय राव! ऑक्सफर्डकडे बघा. तिथे कॉलेजच्या प्रमुखाला बेलियलमध्ये मास्टर म्हणतात, मर्टनमध्ये वॉर्डन, एक्झेटरमध्ये रेक्टर, ओरिएलमध्ये प्रोव्होस्ट, मॉडलिनमध्ये प्रेसिडेंट, जीझसमध्ये प्रिन्सिपल आणि क्राइस्ट चर्चमध्ये डीन. सात नावं, काम जवळपास एकच, आणि शेकडो वर्षं सुरळीत चाललंय. मुद्दा बरोबर आहे. पण ते चालतं, कारण प्रत्येक कॉलेजचे नियम लेखी आहेत. प्रमुखाला कोण निवडतं, तो काय करू शकतो, हे कागदावर आहे. नियम लेखी असतील तर नाव काहीही चालेल. आपल्याकडे नियम धूसर, म्हणून सगळा भार बिचाऱ्या नावावर पडतो.

हे सगळं कशासाठी सांगतोय? शब्दांची हौस म्हणून नाही. समजा, रात्री दोन वाजता कुणाला ताप भरला. ॲम्ब्युलन्स किंवा रिक्षा गेटवर बोलावलीय. वॉचमनकाका म्हणतात, रेक्टर सरांची चिठ्ठी आणा. रेक्टर म्हणतात, रात्रीच्या पासचं वॉर्डन बघतात. वॉर्डन म्हणतात, तुमच्या विंगचे इन्चार्ज कोण? आणि 'इन्चार्ज' हा तर असा शब्द आहे, की त्यात चार्ज सगळ्यांकडे असतो आणि जबाबदारी कुणाकडेच नसते. या सगळ्यांचा हेतू चांगलाच असतो. वॉचमनकाकांना तर पोराची काळजीही वाटत असते, पण उद्या नोकरीवर आलं तर? वॉर्डन आणि गार्ड हे एकाच मुळाचे शब्द, अर्थ राखण करणारा. कुणाला राखायचं, गेटला की आत राहणाऱ्या पोरांना, हे आधी ठरलेलं नसेल तर रात्री दोन वाजता ठरत नाही.

म्हणून एक साधी सूचना, विद्यार्थ्यांना आणि स्टाफलाही. कॉलेजात जेवढी पदं आहेत, मेस सेक्रेटरीपासून रेक्टरपर्यंत आणि डेकोरेशन हेडपासून सी.आर.पर्यंत, त्या प्रत्येकाच्या नावासमोर नोटीस बोर्डावर तीन ओळी लिहाव्यात. याला कुणी नेमलं. याने काय करायचं आणि काय परस्पर ठरवू शकतो. याच्याबद्दल तक्रार असेल तर कुणाकडे जायचं. ज्या पदासमोर या तीन ओळी लिहिता येत नाहीत ते पद रद्द करावं. निम्मे हेड उडतील आणि मांडवात खुर्च्या उचलायला हात वाढतील, हा वरचा फायदा. आणि गेटजवळ वॉचमनकाकांच्या टेबलावर मोठ्या अक्षरात एकच नाव आणि एकच फोन नंबर असावा. आजारपणात रात्री गेट उघडायचं की नाही हे ज्याने ठरवायचं, त्याचा. त्याखाली एक ओळ अशी, की फोन लागला नाही तर काकांनी गेट उघडावं आणि त्याबद्दल त्यांना कुणी बोलणार नाही.

त्या माणसाला मग लीडर म्हणा, वॉर्डन म्हणा नाहीतर नुसतं सर म्हणा. फोन उचलला म्हणजे झालं!